खाडीच्या चिखलात ‘काही आढळले नाही’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न असा आला आहे: “आमच्या खाडीच्या मुखाशी बोटींच्या ये-जा करण्यासाठी गाळ उपसण्याचे काम प्रस्तावित आहे. पर्यावरण अहवालात तळाविषयी एकच वाक्य आहे, ‘नमुन्यांत उल्लेखनीय प्राणिजीवन आढळले नाही.’ पाग (फेकजाळे) टाकणारे गावातले जुने मच्छीमार मात्र सांगतात की बोय माशांची आणि कोळंबीची पिल्ले त्याच चिखलावर वाढतात. यांपैकी बरोबर कोण? डोळ्यांना न दिसणारे जीव माशांना खरोखर पोसतात, की हे पुस्तकी बोलणे आहे?”

दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि ती कशी हे उलगडले की आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. कोकण आणि गोव्याच्या खाड्यांतील गाळ चाळून त्यातले प्राणी मोजण्याचे काम मी गेली अनेक वर्षे करत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते की ‘आढळले नाही’ या शब्दांमागे बहुतेक वेळा चिखल रिकामा नसतो, तर चाळणीची छिद्रे मोठी असतात.

तळाच्या गाळात राहणाऱ्या प्राण्यांचे पहिले वर्गीकरण आम्ही जातीकुळीवरून करत नाही, चाळणीवरून करतो. अर्ध्या मिलिमीटरच्या, म्हणजे ५०० मायक्रॉनच्या चाळणीवर जे अडकते त्याला मॅक्रोफॉना म्हणतात. पॉलिकीट (अंगावर रोम असलेले) कृमी, लहान शिंपले, ॲम्फिपॉड, खेकड्यांची पिल्ले ही मंडळी त्यात येतात. त्या चाळणीतून निसटून ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर थांबतो तो मायोफॉना. हा शब्द मॉली मेअर या ब्रिटिश संशोधिकेने १९४२ मध्ये वापरात आणला. त्याआधी हे प्राणी माहीतच नव्हते असे नाही, पण त्यांची वेगळी मोजदाद करावी असे कोणाला फारसे वाटले नव्हते. आजही अनेक अहवालांसाठी नमुने घेणारी मंडळी एकच चाळणी घेऊन निघतात, ती ५०० मायक्रॉनची असते आणि कधीकधी तर एक मिलिमीटरची. गाळ धुतला जातो, चाळणीवर दोन-चार कृमी आणि शिंपल्यांचे तुकडे उरतात आणि बाकी सारे पाण्याबरोबर बोटीच्या कडेवरून परत खाडीत जाते. त्यानंतर ‘उल्लेखनीय प्राणिजीवन नाही’ असे लिहिणारा माणूस खोटे बोलत नसतो, त्याने फक्त आपली चाळणी वाचलेली असते.

वाहून गेलेल्या त्या पाण्यात काय होते? भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील चिखलात एका चौरस मीटरला साधारण दहा लाख मायोफॉना असतात, हा जगभरच्या मोजणीतून ठरलेला ढोबळ आकडा आहे आणि समृद्ध चिखलात तो याच्या कित्येक पट जातो. आपल्या खिशातले एक रुपयाचे नाणे ओल्या चिखलावर ठेवले तर त्या नाण्याखाली तीन-चारशे प्राणी असतात, असा त्याचा अर्थ. त्यांत सर्वाधिक वाटा सूत्रकृमींचा, बहुधा शंभरातले सत्तर ते नव्वद. शेतकऱ्यांना पिकांच्या मुळांवरचे सूत्रकृमी परिचित आहेत. हे त्यांचेच समुद्री भाऊबंद, पण कोणाच्या मुळाशी न लागता गाळाच्या कणांमधून सरपटणारे. दुसरा क्रमांक हार्पॅक्टिकॉइड कोपेपॉडांचा. हे कवचधारी, लांबट, तळाला चिकटून वावरणारे आणि मिलिमीटरभराहून लहान. मग फोरॅमिनिफेरा, ऑस्ट्राकॉड, चपटकृमी, कायनोरिंक, आणि जिथे वाळू जास्त तिथे टार्डिग्रेडही. या जगात अजून किती अनोळखी आहे याचा एक दाखला देते: १९८३ मध्ये डेन्मार्कचे राइनहार्ट क्रिस्टेन्सन यांनी फ्रान्सच्या रोस्कॉफ किनाऱ्याजवळील तळाच्या नमुन्यांतून केवळ नवी जात किंवा नवे कूळ नव्हे, तर प्राण्यांचा एक संपूर्ण नवा संघ, लोरिसिफेरा, जगापुढे आणला.

या गर्दीत काही पाहुणेही असतात. शिंपल्यांची आणि पॉलिकीट कृमींची पिल्ले पाण्यातले अळीपण संपवून तळाला बसतात तेव्हा तीही याच आकाराची असतात, आणि काही आठवडे मायोफॉनामध्ये काढून मग मोठ्या चाळणीत अडकण्याएवढी होतात. म्हणजे उद्या बाजारात येणाऱ्या तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) आज छोट्या चाळणीत आहेत, आणि मोठी चाळणी त्यांना ‘नाहीत’ म्हणते.

आता मुख्य आक्षेपाकडे येते, कारण तो रास्त आहे. इतक्या बारीक जीवांचे एकत्रित वजन ते किती भरणार? फार नाही. चौरस मीटरला कोरडे वजन एक-दोन ग्रॅम. त्याच जागेतले मॅक्रोफॉना अनेकदा याच्या कित्येक पट भरतात. केवळ वजनाकडे पाहिले तर मायोफॉना नगण्य ठरतात, आणि पूर्वीच्या संशोधकांनी त्यांना तसे ठरवलेही होते. चूक अशी होते की वजन हा साठा आहे आणि माशाला साठ्याशी देणेघेणे नसते, त्याला उलाढालीशी असते. सराफाच्या दुकानात लाखोंचा माल असतो आणि दिवसाला दोन गिऱ्हाइके येतात. कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीवर कोणत्याही क्षणी हजाराचाही माल नसतो, पण घाणा दिवसातून दहा वेळा उतरतो. मायोफॉना ही वडापावची गाडी आहे. अनेक जाती काही आठवड्यांत वयात येतात, वर्षात पिढ्यांमागून पिढ्या जातात. जर्मन संशोधक गेर्लाख यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार त्यांचे वार्षिक उत्पादन त्यांच्या सरासरी वजनाच्या नऊ-दहा पट होते, तर मोठ्या शिंपल्यांमध्ये आणि कृमींमध्ये हे प्रमाण बहुधा एक ते तीन पट असते. त्यामुळे समजा एखाद्या जागी मोठ्या प्राण्यांचे वजन दहा ग्रॅम आणि छोट्यांचे दोन ग्रॅम असेल, तर वर्षाकाठी तयार होणारे अन्न दोघांकडून जवळपास सारखे, वीस ग्रॅमच्या आसपास निघू शकते. त्या जागेचा नमुना घेतला तर एका बाजूला दहा दिसतील आणि दुसऱ्या बाजूला दोन.

हे अन्न येते कुठून, याबद्दल माझ्या विषयाच्या इतिहासात एक चूक दोनदा झाली आहे आणि ती आपल्या प्रश्नाशी थेट जुळते. डेन्मार्कचे पीटरसन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तळाचा ठराविक क्षेत्रफळाचा तुकडा उचलणारे यंत्र वापरून ‘अमुक समुद्रात माशांसाठी तळावर किती खाद्य आहे’ याचा हिशेब प्रथम मांडला. त्यांच्या उथळ समुद्रात ईलग्रास या सागरी गवताची कुरणे पसरलेली होती, तेव्हा तळाच्या सर्व प्राण्यांचे मूळ अन्न म्हणजे हेच कुजणारे गवत, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९३० च्या दशकात रोगाने ही कुरणे उत्तर अटलांटिकच्या मोठ्या भागातून जवळजवळ नाहीशी झाली. पीटरसन तोवर हयात नव्हते. पण त्यांच्या हिशेबाने मासळीची जी दाणादाण उडायला हवी होती ती तशी उडाली नाही. पुढे १९७० च्या सुमारास फ्लोरिडातील ओडम आणि हील्ड यांनी कांदळवनांविषयी असेच चित्र मांडले: तिवरांची पाने गळतात, कुजतात, त्या कुजक्यावर बारीक जीव जगतात आणि त्यांच्यावर मासे. हे चित्र पूर्ण चूक नव्हते आणि कांदळवने वाचवण्यासाठी त्याचा पुष्कळ उपयोगही झाला. पण कार्बनच्या स्थिर समस्थानिकांचे (निरनिराळ्या वजनांच्या अणूंचे) मोजमाप सुरू झाल्यावर असे दिसू लागले की खाडीतील अनेक माशांच्या आणि कोळंबीच्या मांसातला कार्बन तिवराच्या पानांशी जुळत नाही, तो सूक्ष्म शैवालांशी अधिक जुळतो. तिवराच्या पानात टॅनिन फार, नायट्रोजन कमी. ते खाऊन लवकर मोठे होणे कठीण. दोन्ही वेळी श्रेय डोळ्यांना दिसणाऱ्या वनस्पतीला गेले होते.

खरे कुरण कुठे आहे ते पाहायचे असेल तर हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी, पाणी ओसरल्यावर तासाभराने खाडीच्या काठावर उभे राहा. राखाडी चिखलावर हळूहळू सोनेरी-तपकिरी झाक येते. ते डायाटम, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शैवाल, असतात. उजेडासाठी गाळातून वर सरकतात आणि भरती येण्याआधी पुन्हा खाली जातात. चिखलात उजेड जेमतेम दोन-तीन मिलिमीटर शिरतो, त्यामुळे खाडीच्या तळाचे सारे ‘पीक’ पापुद्र्याएवढ्या जाडीत घेतले जाते. या डायाटमांच्या अंगचा बुळबुळीत स्राव गाळाचे कण एकमेकांना चिकटवून ठेवतो आणि लाटेने चिखल सहजी उचलला जात नाही. मायोफॉनाचा मोठा भाग याच वरच्या एक-दोन सेंटिमीटरात राहतो, कारण अन्न तिथे आहे आणि प्राणवायूही तिथेच आहे. त्याखाली गाळ काळा पडतो आणि हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास येतो. सूत्रकृमींतल्या काही जाती डायाटम फोडून पितात, काही जिवाणू गिळतात, काही चक्क दुसऱ्या सूत्रकृमींची शिकार करतात. त्यांच्या तोंडाची रचना पाहूनच आम्ही त्यांचा आहार बऱ्यापैकी ओळखतो.

आता या कुरणावर चरणाऱ्यांना कोण खातो? इथेच जुन्या मच्छीमारांचे म्हणणे येते आणि माझ्या मते ते अहवालापेक्षा अधिक अचूक आहे. बोय समुद्रात अंडी घालते आणि तिची पिल्ले सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची झाली की थव्याने खाडीत शिरतात. या वयात त्यांचे तोंड मिलिमीटरभर उघडते. मोठा पॉलिकीट कृमी त्यात जाणार नाही. पूर्ण वाढलेली बोय चिखल गिळून, गिझार्डसारख्या जाड स्नायूंच्या जठरात वाळूच्या साहाय्याने तो दळून, आपल्या लांबच लांब आतड्यात पचवते, पण ते यंत्र पिल्लाकडे अजून तयार नसते. पाण्यातल्या प्लवकांवरून (तरंगत्या सूक्ष्म जीवांवरून) तळाच्या आहाराकडे वळण्याचा हा जो मधला टप्पा असतो, त्या वेळी हार्पॅक्टिकॉइड कोपेपॉड हे अगदी मापाचे खाद्य ठरते: आकार नेमका, हालचाल डोळ्यांत भरणारी, आणि अंगात ओमेगा-३ प्रकारची स्निग्धाम्ले भरपूर. मत्स्यबीज केंद्रांत या कोपेपॉडांची पैदास करण्याचे प्रयत्न होतात ते याच गुणासाठी. मुडदुशीची पिल्ले, लेपांची पिल्ले, लहान खरबे यांचेही तसेच. कोळंबीच्या अनेक जाती समुद्रात प्रजनन करतात, त्यांची जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची पिल्ले खाडीत येऊन उथळ चिखलावर वाढतात आणि अर्धवट मोठी झाली की पुन्हा समुद्राकडे जातात. म्हणजे ट्रॉलरच्या जाळ्यात खोल पाण्यात सापडणारी कोळंबी तिच्या आयुष्याचे महत्त्वाचे आठवडे आपल्या गावाच्या ओहोटीच्या पट्ट्यात काढून गेलेली असते.

निवटी या चिखलावर वावरणाऱ्या माशाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. निळसर ठिपक्यांची मोठी निवटी ओल्या चिखलावर डोके डावीकडे-उजवीकडे फिरवत पुढे सरकताना आपण पाहिली असेलच. ती त्या वेळी डायाटमांचा थर खरवडून घेत असते आणि त्याबरोबर थरातले सूत्रकृमी आणि कोपेपॉडही तिच्या पोटात जातात. शाकाहारी की मांसाहारी, हा भेद चिखलाच्या पापुद्र्यावर फारसा टिकत नाही.

थोडे मोठे झाल्यावर माशांचा आहार बदलतो आणि मॅक्रोफॉनाचे महत्त्व वाढते. मुडदुशी वयात आल्यावर पॉलिकीट कृमी आवडीने खाते. मलबार किनाऱ्यावरच्या लेपांच्या पोटात प्रायोनोस्पिओ हा बारीक पॉलिकीट कृमी प्रामुख्याने आढळतो, हे १९५० च्या दशकातील अभ्यासांतच नोंदले गेले होते. हिवाळ्यात आपल्याकडे येणारे चिखले आणि तुतवार हे पक्षीही चोचीने याच थरांतून कृमी, खेकड्यांची पिल्ले, लहान शिंपले वेचतात. ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला तो पक्ष्यांमुळे गाजला, पण पक्षी तिथे उतरतात ते चिखलात खायला असते म्हणून.

प्रामाणिकपणे सांगायला हवे की मायोफॉना माशांपर्यंत पोहोचतात का, यावर माझ्या विषयात दीर्घकाळ वाद होता. १९६० च्या दशकात अनेकांचे मत असे होते की हे जीव एकमेकांना खातात, मरतात, जिवाणूंकडे परत जातात आणि वरच्या पायरीवर फारसे काही चढत नाही. या मताला आधार होता माशांच्या पोटांचा: पोट चिरून पाहिले तर सूत्रकृमी क्वचितच दिसत. पण सूत्रकृमीला ना कवच ना जबड्याचे कठीण हाड; तो काही तासांत विरघळतो आणि मागे काहीच उरत नाही. पॉलिकीट निदान आपले रोम आणि जबडे मागे ठेवतो, कोपेपॉड आपले कवच. पोटातल्या अवशेषांवरून आहार ठरवणे म्हणजे ताटातल्या हाडांवरून जेवणाचा अंदाज करण्यासारखे आहे, त्यात वरण-भाताचा पत्ता लागत नाही. साउथ कॅरोलिनामध्ये ब्रूस कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा वाद बराच मार्गी लावला. त्यांच्या कामातला सर्वांत उपयोगी मुद्दा असा की चिखल आणि वाळू यांत फरक करावा लागतो. वाळूत कणांमधल्या मोकळ्या जागेतून पाणी आणि प्राणवायू खोल जातात, त्यामुळे मायोफॉनाही खोल पसरतात आणि माशाच्या तोंडापासून सुटतात. चिखलात मात्र खाली प्राणवायू नसल्याने ते वरच्या पातळ थरात दाटीवाटीने राहतात आणि पिल्लांना एका घासात मिळतात. आपल्या खाडीचा मुद्दा चिखलाचा आहे, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

खाल्ले जाणे ही या प्राण्यांची एकच भूमिका नाही. बिळे करणारे कृमी आणि खेकडे तळात पाणी खेळवतात, त्यामुळे एरवी मिलिमीटरभरात संपणारा प्राणवायू बिळाच्या भिंतीलगत खाली जातो, कुजणाऱ्या पदार्थांतला नायट्रोजन आणि फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो आणि पाण्यातल्या प्लवकांना खत मिळते. सूत्रकृमी जिवाणूंना सतत चरत राहतात, आणि मावळत्या वसाहतींच्या जागी नव्या, जोमाने वाढणाऱ्या वसाहती येतात. शेतकरी कुरणाला थोडी चराई हवी म्हणतात, तोच प्रकार. तारली आणि बांगड्यासारख्या वरच्या पाण्यातल्या माशांनाही याचा अप्रत्यक्ष लाभ होतो, पण तो आकड्यांत पकडणे अवघड असते.

आता पावसाळा. हा मुद्दा आपल्या अहवालासाठी सर्वांत निर्णायक ठरू शकतो, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. जून ते सप्टेंबरमध्ये कोकणातल्या नद्या इतके गोडे पाणी आणतात की खाडीच्या वरच्या भागात क्षारता जवळजवळ शून्यावर येते आणि मुखाशीही ती पुष्कळ घसरते. प्रवाह तळ खरवडतात आणि नवा गाळ येऊन बसतो. मांडवी आणि झुआरी या गोव्यातल्या खाड्यांवरील अभ्यासांत तळाच्या प्राण्यांची संख्या पावसाळ्यात कोसळते आणि ऑक्टोबरनंतर पुन्हा भरत जाते हे चक्र स्पष्ट दिसले आहे. ही भर दोन वाटांनी होते. शिंपले आणि बहुतेक पॉलिकीट आपल्या अळ्या पाण्यात सोडतात, त्या समुद्राकडून भरतीबरोबर येतात. सूत्रकृमींना मात्र पाण्यात तरंगणारी अळीच नसते. ते लाटेने उचललेल्या गाळाबरोबर वाहत येतात, किंवा आडबाजूच्या खाचांमध्ये, तिवरांच्या मुळांत तग धरून राहिलेल्यांपासून पुन्हा पसरतात. म्हणजे खाडी दरवर्षी जवळपास उजाड होते आणि दरवर्षी सावरते, आणि सावरण्यासाठी तिला आजूबाजूला न बिघडलेले कोपरे लागतात.

यावरून काही जण असा युक्तिवाद करतात की निसर्गच दरवर्षी तळ पुसून काढतो, मग उपशाने काय बिघडणार? मीही एकेकाळी या युक्तिवादाने थोडी प्रभावित झाले होते. एकदाच, मर्यादित जागेत आणि उथळ उपसा झाला तर प्राणी खरोखरच काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परततात, त्यात मायोफॉना पहिले असतात. पण उपशाने दोन गोष्टी बदलतात ज्या पाऊस बदलत नाही. पहिली खोली: ओहोटीला उघडा पडणारा पट्टा कायमचा पाण्याखाली गेला, की आमच्या गढूळ खाड्यांत तळापर्यंत उजेड पोहोचत नाही आणि डायाटमांचे कुरण संपते, प्राणी परत येतील, पण निराळे आणि निराळ्या अन्नावर जगणारे. दुसरी वारंवारता: वाहतुकीची वाट मोकळी ठेवायची तर ती दर एक-दोन वर्षांनी उपसावी लागते, आणि खोदलेल्या खड्ड्यात बारीक गाळ साचून, पाणी न खेळल्याने तो काळा व प्राणवायूहीन होतो. त्यात भर म्हणजे उपसलेला गाळ कुठे टाकणार हा प्रश्न. शेजारच्याच चिखलपट्ट्यावर टाकला, तर सावरण्यासाठी राखलेला कोपराही गाडला जातो. अहवालात उपशाच्या जागेइतकीच गाळ टाकण्याच्या जागेची माहिती पाहा.

खाडीबाहेरच्या समुद्रतळाविषयी थोडक्यात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, खालचे प्राणवायू-क्षीण पाणी उथळ भागावर चढते. गोव्याच्या कांदोळी किनाऱ्यासमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्याच्या दीर्घकाळ नोंदी ठेवल्या आहेत. अशा वेळी कोपेपॉड आधी कमी होतात, सूत्रकृमी आणि काही पॉलिकीट टिकतात. याच संस्थेतील पारुळेकर, हरकंत्रा आणि अन्सारी यांनी १९८२ मध्ये तळाच्या प्राण्यांच्या उत्पादनावरून भारतीय समुद्रांतील तळालगतच्या मासळीची क्षमता आजमावण्याचा प्रयत्न केला होता. तळाकडे मासळीचा पाया म्हणून पाहण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही, एवढेच त्यावरून सांगायचे आहे.

एक सावधगिरीची सूचना. चिखलात प्राणी जितके जास्त तितकी खाडी निरोगी, असे समीकरण मांडू नका, कारण विरुद्ध पक्षाचा जाणकार तज्ज्ञ ते पाच मिनिटांत मोडून काढील. सांडपाणी येणाऱ्या खाडीत कॅपिटेलासारख्या बारीक कृमींची संख्या प्रचंड वाढते. जाती मोजक्या, डोकी अगणित. पीअरसन आणि रोझेनबर्ग यांनी १९७८ मध्ये ही पायरी-पायरीची घसरण व्यवस्थित मांडली आहे. सूत्रकृमी आणि कोपेपॉड यांच्या संख्येचे गुणोत्तर काढून प्रदूषण ठरवावे अशीही एक सूचना १९८१ मध्ये पुढे आली होती. सोपी असल्याने ती लोकप्रिय झाली, पण चिखलात कोपेपॉड मुळातच कमी असतात, त्यामुळे स्वच्छ चिखलही त्या कसोटीवर नापास होतो. मी ती वापरत नाही.

आता अहवाल हातात घ्या आणि पुढील गोष्टी शोधा. चाळणी किती मायक्रॉनची होती? ६३ मायक्रॉनचा उल्लेख नसेल तर मायोफॉना पाहिलेच गेले नाहीत. नमुने कोणत्या महिन्यात घेतले? ते जुलै-ऑगस्टमधले असतील तर ती खाडीची उजाड अवस्था आहे, तिला वर्षभराचे चित्र मानता येत नाही. नमुने बोटीतून यंत्राने घेतले, की ओहोटीला पट्ट्यावर उतरून? बोट जिथे तरंगते तिथलाच तळ उचलला गेला असेल, तर पिल्लांचे खरे कुरण, म्हणजे काठालगतचा उथळ भाग, निसटला असण्याची शक्यता मोठी आहे. आणि प्रत्येक जागी किती नमुने घेतले? मायोफॉना ठिगळाठिगळाने राहतात. हातभर अंतरावर संख्या दुप्पट किंवा निम्मी असू शकते, म्हणून एका जागी किमान तीन नमुने नसतील तर सरासरीला अर्थ नाही.

चाळणीच्या या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या आणि २०१९ च्या अधिसूचनांत ‘जैविकदृष्ट्या सक्रिय’ चिखलपट्ट्यांना सर्वाधिक संवेदनशील वर्गात स्थान दिले आहे. पट्टा सक्रिय आहे की नाही हे शेवटी कोणीतरी गाळ तपासूनच ठरवणार, आणि ५०० मायक्रॉनला निष्क्रिय दिसणारा पट्टा ६३ मायक्रॉनला भरलेला निघू शकतो. प्रकल्पाच्या जनसुनावणीत बोलायचे असेल तर माझ्या मते हा मुद्दा ‘मासेमारी बुडेल’ या सर्वसाधारण वाक्यापेक्षा अधिक वजनदार ठरेल, कारण त्याला होय किंवा नाही असे उत्तर द्यावे लागते.

स्वतः पाहायचे असल्यास साहित्य फार लागत नाही. पन्नास मिलिलिटरची प्लास्टिकची सिरिंज घेऊन तिचे टोक सपाट कापा, दांडा वर ओढत ती ओल्या चिखलात पाच सेंटिमीटर खुपसा आणि वरचे दोन सेंटिमीटर वेगळे काढा. बादलीत खाडीच्याच पाण्यात ते ढवळा. मात्र हे पाणी आधी बारीक कापडातून गाळून घ्या, नाहीतर त्यातले प्लवक तुमच्या मोजणीत मिसळतील. जड वाळू खाली बसण्यापुरते काही सेकंद थांबा आणि वरचे पाणी ६३ मायक्रॉनच्या नायलॉन जाळीवर ओता. असे चार-पाच वेळा करा. जाळीवर उरलेले बशीत घेऊन शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली चाळीस पट वाढवून जिवंतपणीच पाहा. फॉर्मेलिन आणि रोझ बेंगाल रंग आम्ही वापरतो, पण फॉर्मेलिन घातक आहे, ते शाळेत आणू नका. जिवंत सूत्रकृमी इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा सळसळत राहतो, कोपेपॉड झटके देत पळतो. मेलेल्या नमुन्यापेक्षा ते ओळखणे नवख्याला पुष्कळ सोपे जाते. सिरिंजचा आतला व्यास मोजून ठेवा, म्हणजे क्षेत्रफळ काढून संख्या चौरस मीटरला किती हे सांगता येईल.

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, उधाणाच्या ओहोटीला करा. भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत खालचा पट्टा उघडा पडत नाही. नियोजित उपशाच्या रेषेवर तीन जागा, गाळ टाकण्याच्या जागी एक आणि दोन्हींपासून दूर एक, अशा पाच जागा पुरेत. त्याच दिवशी पाग टाकणाऱ्यांपैकी कोणाला बरोबर घेऊन पिल्ले कुठे दिसतात ते नकाशावर खूण करून घ्या. आणि जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला मोजणी पडताळून देण्याची विनंती करा, कारण सुनावणीत आकडा कोणी मोजला हे आकड्याआधी विचारले जाते.